पांढऱ्या पाकळीत कागदच असतो

(दृश्य: फुलदाणीतले पांढरट गुलाब, हळूहळू जवळून)

हे गुलाब व्हॅन गॉगने १८९० च्या मे महिन्यात रंगवले. रंगवले तेव्हा ते गुलाबी होते. त्यातला लाल रंग उजेडाला टिकला नाही, विरत गेला, आणि मागे उरला हा पांढुरका फुलोरा.

खुद्द तेलरंगाची ही गत. मग भिंतीसाठी आपण विकत घेतो त्या प्रिंटचं काय?

(दृश्य: प्रिंटवर टेकवलेलं भिंग)

भिंगाखाली चार रंगांचे ठिपके जाळीत नीट बसलेले दिसले, तर ते ऑफसेटवर छापलेलं पोस्टर. शाईचा बारीक, विस्कटलेला तुषार दिसला, तर इंकजेट. यालाच विक्रेते ‘जिक्ले’ म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण तेवढ्याने प्रिंट टिकत नाही. शाई डायची की पिगमेंटची, हे विचारा. डाय कागदात विरघळून मुरते आणि सहसा लवकर फिकी पडते. पिगमेंटचे घन कण उजेडाला बराच काळ तोंड देतात.

आता कागद. फुलांच्या चित्रात तो जरा जास्तच बघावा लागतो, कारण या छपाईत सहसा पांढरी शाई नसतेच. शुभ्र पाकळी म्हणजे न छापलेला कागद! तो पिवळा पडला की फूलही पिवळं. म्हणून कापसाच्या तंतूंचा, आम्लरहित कागद घ्यावा. फार झगझगीत पांढरा असेल, तर अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. निळा उजळला, तर त्यात ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा भासवणारं रसायन आहे. ती चमक पुढे ओसरते.

(दृश्य: काळोख्या पार्श्वभूमीवरचा पुष्पगुच्छ)

रेशल रॉइस, १६६४ ते १७५०. नेदरलँड्सची चित्रकार. तिच्या फुलांमागचा हा गडद अंधार मॅट कागदावर राखाडी होतो, त्याला बराइटा कागद, म्हणजे बेरियम सल्फेटचा लेप दिलेला किंचित चमकदार कागद शोभतो. पानावरचा एवढासा किडाही स्पष्ट हवा, तर मूळ फाइल मोठी लागते: इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर २० इंच रुंदीला ६,०००.

‘आर्काइव्हल’, म्हणजे दीर्घकाळ टिकणारं, हा शब्द कोणीही छापू शकतो. शाईचं आणि कागदाचं नाव लिहून द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

(दृश्य: फ्रेम बंद होताना)

काच यूव्ही रोखणारी. मधे आम्लरहित माउंट, चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे प्रिंट काचेला चिकटत नाही. आणि खिडकीसमोरची भिंत सोडून दुसरी कुठलीही.