विद्यार्थ्यांनी स्वतः बसवलेला नाच कसा बघायचा? अमेरिकन विद्यापीठांतल्या डान्स कॉन्सर्टची गोष्ट

नमस्कार मंडळी!

अमेरिकेत ज्या विद्यापीठांत नृत्य विभाग आहे, तिथे सत्र संपत आलं की एक कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. विद्यार्थ्यांनी स्वतः बसवलेल्या नव्या नाचांचा. एका संध्याकाळी सात-आठ रचना. कुणाची पाच मिनिटांची, कुणाची दहा. कुणी एकटीच नाचते, कुणी दहा-बारा जणांना घेऊन बसवलेलं असतं. तिकीट स्वस्त असतं, कधी नसतंच. प्रेक्षकांत वर्गमित्र, प्राध्यापक, आणि हल्ली न्यू जर्सीतले, टेक्सासमधले, कॅलिफोर्नियातले आपले मराठी आईबाबाही दिसतात. मुलीचं अरंगेत्रम थाटात झालेलं असतं, पुढे विद्यापीठात तिने इंजिनिअरिंगबरोबर डान्स मायनर, म्हणजे नृत्य हा दुय्यम विषय, घेतलेलं असतं, आणि आता तिने बसवलेलं काहीतरी पहिल्यांदाच बघायला हे दोघं तीन तास गाडी चालवून आलेले असतात.

बघतात काय, तर सहा मुली जमिनीवर झोपलेल्या. एक उठते, चालते, परत झोपते. संगीत म्हणावं तर नुसता श्वासाचा आवाज. सात मिनिटांनी अंधार होतो, टाळ्या पडतात. आणि बाहेर आल्यावर बाबा हळूच आईला विचारतात, "अगं, पण नाच कुठे होता?"

हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आजचा व्हिडिओ त्याच्याच उत्तरासाठी आहे. आणि उत्तर द्यायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, एका बास्केटबॉल शिकवणाऱ्या बाईंकडे.

[स्क्रीनवर: मॅडिसन, विस्कॉन्सिन. लेथ्रॉप हॉल]

मार्गारेट एच'डोब्लर. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९१० साली पदवी घेतली, विषय जीवशास्त्र. लगेच तिथेच मुलींच्या शारीरिक शिक्षण विभागात बास्केटबॉल शिकवायला लागल्या. १९१६ मध्ये त्या पुढच्या शिक्षणासाठी न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात निघाल्या, तेव्हा त्यांच्या विभागप्रमुख ब्लँश ट्रिलिंग यांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं: विद्यापीठात शिकवण्याच्या लायकीचं नृत्य कुठे सापडतंय का ते बघ. एच'डोब्लर काही नर्तिका नव्हत्या. पुढेही झाल्या नाहीत. न्यूयॉर्कमधले नृत्याचे वर्ग त्यांनी पाहिले, आणि बहुतेक ठिकाणी शिक्षक करून दाखवतो आणि मुलं नक्कल करतात, एवढंच दिसलं. मग अ‍ॅलिस बेंटली नावाच्या संगीतशिक्षिकेच्या वर्गात त्यांना वेगळी गोष्ट दिसली. तिथे मुलांना जमिनीवर झोपवून हालचाल करायला सांगत होते. जीवशास्त्र शिकलेल्या बाईंच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. उभं असताना शरीराचा बराच जोर तोल सांभाळण्यात जातो. झोपलं की तो भार सुटतो, आणि मग कुठला सांधा कुठे वळतो, पाठ कशी लवते, हे ज्याचं त्यालाच कळायला लागतं.

१९१७ च्या उन्हाळ्यात मॅडिसनला परत येऊन त्यांनी वर्ग सुरू केला. वर्गात मानवी सांगाडा ठेवलेला असायचा. बाई स्वतः स्टेप दाखवायच्या नाहीत. विचारायच्या: गुडघा वाकवला की पाठीचं काय होतं? तो बदल तुला कुठे जाणवला? आता त्यातूनच पुढे काय करता येईल? १९२६ साली त्याच विद्यापीठात नृत्य या विषयात पदवी घेण्याची सोय झाली. अमेरिकेतला तो पहिला नृत्याचा पदवी अभ्यासक्रम.

तेव्हा बाबांनी पाहिलेल्या त्या झोपलेल्या सहा मुली आल्या कुठून, ते आता लक्षात आलं असेल. जमिनीपासून सुरुवात करणं हा तिथल्या नृत्यशिक्षणाचा श्रीगणेशाच आहे.

आता मला ज्या गोष्टीचं खरं अप्रूप वाटतं ती सांगते. नृत्यरचना हा विषय तिथे ज्यांनी रुजवला त्यांच्यातले कितीतरी लोक नाचणारे नव्हतेच. एच'डोब्लर जीवशास्त्राच्या. दुसरे लुई हॉर्स्ट, पियानोवादक. आधुनिक नृत्यातल्या मार्था ग्रॅहमना संगीताची साथ करणारे. ते रचनेचा वर्ग घ्यायचे आणि त्यात काटेकोर गृहपाठ द्यायचे: पव्हान, गॅलियार्ड अशा जुन्या युरोपीय दरबारी नृत्यांचा आकृतिबंध घ्या आणि त्यात आपला नाच बसवून आणा. तिसरे रॉबर्ट डन. तेही संगीतातले, प्रयोगशील संगीतकार जॉन केज यांच्याकडे शिकलेले. तिघांच्याही हातात दाखवायला स्टेप नव्हती. म्हणून तिघांनीही एकच गोष्ट दिली: काम. प्रश्न. अट. "या अटीत राहून तू काय करशील ते मला आणून दाखव."

विद्यार्थ्यांच्या कॉन्सर्टचा गाभा तोच आहे, असं माझं ठाम मत आहे. समोर जे चाललंय ते कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न हाताला लागला की नाच दिसायला लागतो.

हे सगळ्या देशभर पसरलं कसं? १९३४ च्या उन्हाळ्यात व्हरमाँटमधल्या बेनिंग्टन कॉलेजात मार्था हिल यांनी नृत्याची उन्हाळी शाळा काढली. शिकवायला मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन, हान्या होम, आणि हॉर्स्ट. शिकायला आलेल्यांत बऱ्याच जणी ठिकठिकाणच्या कॉलेजांतल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या. सुट्टी संपली, त्या आपापल्या गावी परतल्या आणि शिकलेलं आपल्या व्यायामशाळेत सुरू केलं.

आणि डन यांच्या वर्गाचं काय झालं, हे तर प्रत्येक नृत्याच्या विद्यार्थ्याला पाठ असतं. १९६० पासून न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या स्टुडिओत तो वर्ग चालायचा. यव्हॉन रेनर, सिमोन फोर्टी, स्टीव्ह पॅक्सटन, ट्रिशा ब्राउन असे लोक तिथे यायचे. त्यातल्या काही जणी त्याआधी कॅलिफोर्नियात अ‍ॅना हॅलप्रिन यांच्याकडे शिकून आलेल्या, आणि हॅलप्रिन कुणाच्या विद्यार्थिनी? विस्कॉन्सिनच्या एच'डोब्लर बाईंच्या! वर्गात केलेलं काम लोकांना दाखवायला जागा हवी म्हणून ही मंडळी ग्रिनिच व्हिलेजमधल्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये गेली. ६ जुलै १९६२ रोजी तिथे कार्यक्रम झाला. प्रवेश सगळ्यांना मोफत. ज्याला पुढे जगभर उत्तर-आधुनिक नृत्य म्हणायला लागले त्याची सुरुवात बहुतेक इतिहासकार त्या संध्याकाळपासून धरतात. मुळात तो एका वर्गाचा कार्यक्रम होता. वर्गाच्या कार्यक्रमाकडे "मुलांचं आहे, ठीक आहे" म्हणून बघू नये असं मला वाटतं ते यासाठी.

बरं, आता आजच्या विद्यापीठात येऊ.

कॉन्सर्टच्या आधी कित्येक आठवडे एक गोष्ट चालते, ती प्रेक्षकांना कधी दिसत नाही. तिला म्हणतात 'शोइंग'. अर्धवट बसवलेला नाच, साध्या कपड्यांत, ट्यूबलाइटच्या उजेडात प्राध्यापकांना आणि वर्गाला दाखवायचा. कुठल्या रचना कॉन्सर्टमध्ये घ्यायच्या हेही पुष्कळ ठिकाणी अशा शोइंगमध्येच ठरतं. आणि तिथे बोलायची रीत ठरलेली असते. बऱ्याच ठिकाणी ती लिझ लर्मन या नृत्यरचनाकार बाईंनी १९९० मध्ये तयार केलेली पद्धत असते. तिचे चार टप्पे आहेत. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं तेवढंच सांगायचं. मग नाच बसवणाऱ्याने बघणाऱ्यांना प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी त्याला विचारायचे, पण प्रश्नात आपलं मत न घुसवता. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी घेऊन: "शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?" तो 'नको' म्हणू शकतो.

तिसरा टप्पा सगळ्यात अवघड. समजा एका मुलीने बसवलंय की पाच जणी रंगमंचावर गोल गोल पळतायत, पळतायत, थांबतच नाहीत. तुमच्या तोंडात पटकन येतं, "इतका वेळ का पळवलंस त्यांना?" दिसायला प्रश्न आहे, पण आत निकाल दिलेला आहे: फार झालं. तीच गोष्ट अशी विचारायची: "पळण्याचा वेळ ठरवताना तुझ्या मनात काय होतं?" आता ती मुलगी थांबते, विचार करते. म्हणते, "त्यांना खरंच दम लागायला हवा होता. दम लागल्याचा अभिनय नको होता." झालं! एका क्षणात वर्गातल्या सगळ्यांना कळतं की हा नाच दमाबद्दल आहे. पुढच्या तालमीत ती पळणं कमी करत नाही, उलट वाढवते. संगीत काढून टाकते, म्हणजे श्वास ऐकू येईल. जे फार वाटत होतं तेच नाचाचा कणा होतं.

अर्थात प्रत्येक वेळी वाढवणं बरोबर असतं असं नाही. डोरिस हम्फ्रींनी नृत्यरचनेबद्दल लिहून ठेवलंय की सगळेच नाच गरजेपेक्षा लांब असतात. प्राध्यापकांची कात्री त्या दिशेने चालतेच.

कॉन्सर्टच्या आठवड्यात सगळा मुक्काम थिएटरात. जमिनीवर मार्ली, म्हणजे व्हिनाइलच्या पट्ट्या, अंथरून टेपने चिकटवतात. विंगांत दोन्ही बाजूंना उभे खांब आणि त्यांवर दिवे, अगदी पायाच्या नडगीच्या उंचीपासून डोक्याच्या वरपर्यंत. आपल्याकडे नाटकात उजेड मुख्यतः समोरून, चेहऱ्यावर येतो. नाचात तो बाजूने लागतो. कारण बाजूने पडलेल्या उजेडात दंडाचा गोलवा, पाठीची पन्हळ, बरगड्यांची हालचाल उठून दिसते, आणि जमीन काळोखात राहिली की उडी मारणारी मुलगी जास्त उंच गेल्यासारखी वाटते. तळातल्या दिव्याला तिथले लोक 'शिन-बस्टर' म्हणतात. विंगेत पळत शिरणाऱ्याची नडगी हमखास त्यावर आपटते, म्हणून!

आणि या आठवड्यात नाच बसवणाऱ्या मुलीला करायला फारसं काही उरत नाही. हेडफोन लावलेली स्टेज मॅनेजर, बहुतेकदा तीही विद्यार्थिनीच, एकेक क्यू, म्हणजे दिवे-आवाज बदलायची खूण, पुकारते, "स्टँडबाय... गो", आणि आपली मुलगी अंधारात प्रेक्षागृहात वही घेऊन बसलेली. कॉन्सर्टला गेलात तर एकदा मागच्या रांगांकडे वळून बघा. पुढे नाचणाऱ्यांइतकीच ती नाचत असते, मानेने, बोटांनी.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे नाही का? आहे, पण त्याचा क्रम वेगळा आहे. कथकात, भरतनाट्यममध्ये गुरू दाखवतात, शिष्य घेतो. हात, नजर, पढंत, लय, सगळं अंगात मुरावं लागतं, आणि त्याला वर्षं लागतात. त्या मेहनतीला पर्याय नाही आणि मला तो नकोही आहे. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती ही संस्था सुरू केली आणि पुढे कथकात इतकं नवं रचलं, ते त्याच मेहनतीच्या जोरावर. सुचेताताई भिडे-चापेकरांनी भरतनाट्यमला हिंदुस्थानी रागसंगीताची जोड दिली, ती दोन्हींच्या खोल अभ्यासातून. तंजावरच्या मराठी राजांच्या रचना त्यांनी परत रंगमंचावर आणल्या त्याही तशाच.

फरक एवढाच की "तू काय रचशील?" हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा विचारला जातो. विशारदच्या परीक्षेपर्यंत पोचलेल्या कितीतरी मुलींना तो कधी विचारलेलाच नसतो. कॉलेजच्या युवा महोत्सवातही नाच बसवायला बऱ्याचदा बाहेरून कोणीतरी बोलावलेलं असतं. दुसरीकडे पुण्यात फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी राबणारी पोरं बघा: लिहिणं, चाली, नाच, नेपथ्य, सगळं स्वतःचं, रात्र रात्र जागून. तिथे काय ऊर्जा असते, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नृत्याच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीला, भले सोळा मात्रांपुरतंच, "आज हे तुझं तू बसवून आण" असं सांगितलं, तर तिचा रियाज बिघडणार नाही. उलट गुरूंनी दिलेली तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोल, समेवर अशीच का येते, ते तिला आतून कळायला लागेल. नृत्य शिकवणाऱ्या ताया हा व्हिडिओ बघत असतील तर त्यांना माझी ही मनापासून विनंती आहे.

तर आता कॉन्सर्टला जायचंय. काय करायचं?

कार्यक्रमपत्रिकेतली टीप आधी वाचू नका. नाच बघा, मग वाचा. गोष्ट शोधत बसू नका, बहुतेक रचनांत ती नसतेच. त्याऐवजी काय परत परत येतंय ते बघा. एखादी हालचाल तीनदा आली, तर ती मुद्दाम आणलेली असते. तिसऱ्या वेळी त्यात काय बदललंय तिकडे लक्ष द्या. कोण कुणाकडे बघतंय आणि कोण बघत नाहीये, तेही. आणि सगळ्याच रचना चांगल्या असतील असं मुळीच नाही. एक-दोन कंटाळवाण्या निघतील, शिकणाऱ्यांच्या कार्यक्रमात ते व्हायचंच. पुष्कळ वेळा कार्यक्रमानंतर प्रेक्षकांशी गप्पा ठेवलेल्या असतात. गाडी लांब लावलीय म्हणून उठून जाऊ नका, थांबा.

मुलगी भेटल्यावर नुसतं "छान झालं गं" म्हणू नका. तुम्हाला आठवतोय असा एक क्षण सांगा, अगदी नेमका: "ती निळ्या कपड्यातली एकटी उभी राहिली आणि बाकीच्या झोपल्या, तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं." आणि मग विचारा, "तिथे तुझ्या मनात काय होतं?" त्यानंतर मात्र मध्ये बोलू नका. परतीच्या प्रवासात गाडीत तीन तास आहेतच, तेव्हा तुम्ही दोघं हवं ते म्हणा.