फोटोची किनार

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या घरांत काळ्या जाड पानांचे अल्बम अजूनही जपलेले आढळतात. त्यांतल्या कृष्णधवल फोटोंना पांढरी किनार असते आणि कित्येकांची ती कड लाटेसारखी कातरलेली असते. मोबाइलमधल्या फोटोंना अशी किनार घरच्या घरी देता येते, तीही एक पैसा न खर्च करता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेले ‘गिम्प’ हे संगणकावर चालणारे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे.

त्यातल्या ‘फिल्टर्स’ या मेनूत ‘डेकॉर’ नावाचा विभाग आहे. तेथील ‘अ‍ॅड बॉर्डर’ फोटोच्या बाहेरच्या बाजूला रंगीत पट्टी वाढवतो, तर ‘फझी बॉर्डर’ फोटोच्या आतच विस्कटलेली, धूसर कड तयार करतो. हा फरक महत्त्वाचा आहे. कुटुंबाच्या फोटोत टोकाला उभ्या असलेल्या काकूंचा खांदा धूसर कडेखाली जाऊ नये, म्हणून अशा वेळी आधी ‘कॅनव्हास साइज’, म्हणजे चित्राच्या कागदाचे माप, वाढवून चारही बाजूंना कोरी जागा करून घ्यावी.

किनारीची रुंदी मात्र पडद्यावर पाहून कधीही ठरवू नये. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोला बारा पिक्सेलची किनार दिली आणि तो सहा इंच रुंद छापला, तर ती अर्धा मिलिमीटरही भरत नाही, आणि छपाईयंत्र कडा थोड्या कापत असल्यामुळे ती एका बाजूने नाहीशीच होते. म्हणून चार बाय सहा इंचांच्या प्रिंटसाठी, इंचाला तीनशे पिक्सेल या हिशेबाने, १८०० बाय १२०० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास आधी तयार करावा आणि त्याच्या मधोमध १६८० बाय १०८० पिक्सेलच्या मापात क्रॉप केलेला फोटो ठेवावा. चारही बाजूंना साठ पिक्सेल, म्हणजे छपाईत सुमारे पाच मिलिमीटर, जागा उरते आणि थोडी कापली गेली तरी किनार शाबूत राहते.

लाटेची कड हवी असेल, तर थोडे हातकाम करावे लागते, आणि मला तेच सर्वांत आवडते. फोटोच्या कडेपासून किंचित आत चौकोनी सिलेक्शन, म्हणजे निवड, करावे आणि ‘क्विक मास्क’, म्हणजे ही निवड चित्रासारखी बदलू देणारा पडदा, सुरू करावा. सिलेक्शनबाहेरचा भाग लालसर दिसू लागतो. त्यावर ‘रिपल’ फिल्टर लावला की सरळ रेषेची लाट होते. मग मास्क बंद करून, सिलेक्शन उलटवून, बाहेरचा भाग पांढऱ्या रंगाने भरावा.

रंगाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. लग्नाच्या फोटोला शालूच्या रंगाची किनार देण्याचा मोह होतो, परंतु तो रंग नजर चेहऱ्यांवरून ओढून घेतो. पांढरा किंवा किंचित पिवळसर पांढरा रंगच खुलून दिसतो.

काम गिम्पच्या स्वतःच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जतन करावे, म्हणजे लेयर (चित्राचे एकावर एक ठेवलेले थर) शाबूत राहतात आणि किनार पुढे केव्हाही बदलता येते. छपाईसाठी त्यातूनच वेगळी ‘जेपेग’ फाइल काढावी आणि दुकानात देताना ती न कापता, आहे त्याच मापात छापावी, असे आवर्जून सांगावे.