अतण: नाच कुठून आला?

मंडळी, अतण म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या पश्तो बोलणाऱ्या पश्तूनांचा रिंगणाचा नाच. हा शब्द उच्चारायला मराठी जिभेला कष्ट नाहीत. पश्तोत त्याचं शेवटचं अक्षर आपल्या ‘ण’सारखंच मूर्धन्य आहे. हे आधीच सांगतो, कारण ‘ग्रीकांच्या अथेना देवीवरून अतण’ ही व्युत्पत्ती वारंवार ऐकू येते आणि ती निव्वळ कानाला जाणवणाऱ्या सारखेपणावर उभी आहे. ग्रीकमध्ये ट-ठ-ड-ढ-ण हा वर्गच नाही. ‘न’चा ‘ण’ होऊ शकतो, मान्य. पण मधली पायरी कोण दाखवतं? शिवाय शब्दाचं मूळ म्हणजे नाचाचं मूळ नव्हे. ‘लेझीम’ हा शब्द फारसी, म्हणून आपला लेझमीचा नाच इराणातून आला असं आपण म्हणत नाही.

ग्रीक अफगाणिस्तानात होते, यात वाद नाही. इ. स. पू. 329 मध्ये सिकंदर हिंदुकुश ओलांडून गेला. कंदाहारला 1958 मध्ये अशोकाचा ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांतला शिलालेख सापडला. पण वस्ती होती हे सिद्ध झालं, तरी नाच सिद्ध होत नाही. ज्या ग्रीक युद्धनृत्याशी अतणाचं नातं जोडतात, त्या पिरिक नृत्याचं वर्णन प्लेटोने केलं आहे: वार चुकवायला बाजूला सरकणं, मागे हटणं, उडी मारणं, खाली वाकणं, मग बाण सोडल्याचा, भाला फेकल्याचा आविर्भाव.

आता अतण पाहा. मध्ये ढोलवाला, भोवती रिंगण. ढोल गळ्यात अडकवलेला, जोडीला सुरना, म्हणजे आपल्या सनईच्याच कुळातलं वाद्य. सुरुवात संथ: पाऊल पुढे, हात झुलवत वर, टाळी, गिरकी, पुन्हा रिंगणात. हळूहळू लय चढते, टाळ्या जवळ येतात, दमलेले बाहेर पडतात. ढोलवाल्याने लय लवकर चढवली तर गिरकी अर्धवट राहते, माणूस चुकीच्या पायावर उतरतो आणि शेजाऱ्यावर आदळतो. इथे चुकवायचा वारच नाही. सगळा भर एका ठोक्यावर सगळ्यांनी मिळून वळण्यावर आहे. तुलना करायचीच असेल तर तलवारी घेऊन होणाऱ्या खटक नाचाशी करावी, तो हत्यारांचा आहे. दोन्ही नाच एकाच पोत्यात भरल्यामुळे ही चर्चा बिघडते.

दुसरा दावा झरतुष्ट्री अग्निपूजेचा. शेकोटीभोवतीचं रिंगण हा त्याचा मुख्य आधार. पण डोंगरातल्या थंड रात्री उजेड आणि ऊब दोन्ही मध्यभागीच मिळतात, त्याला धर्म लागत नाही. झरतुष्ट्री धर्मग्रंथ अवेस्ता, त्याच्या उपलब्ध भागात या नाचाचं वर्णन नाही.

माझ्या मते खरा पुरावा प्रांताप्रांतांतल्या फरकांत आहे. काबुली, लोगरी, खोस्ती, वर्दकी: प्रत्येकाच्या टाळ्या, वळणं, मानेचे झटके वेगळे. वर्दकीत तर अंगावरची चादरही नाचात येते. सगळ्यांत समान काय उरतं, ते आधी नोंदवायला हवं. मग त्या उरलेल्याचं मूळ विचारावं.