किती तास खेळले म्हणजे गेमिंगचे व्यसन?

नमस्कार. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की आज केवळ त्याविषयीच बोलणार आहे: मुलाने दिवसाला किती तास गेम खेळला म्हणजे त्याला व्यसन लागले असे समजायचे?

व्याख्या झटपट सांगतो. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये इंटरनेट गेमिंगच्या विकाराला ‘अधिक अभ्यास हवा’ अशा यादीत ठेवले आणि नऊ निकष दिले. वर्षभरात त्यांतले पाच दिसावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात मुख्य लक्षणे तीनच आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे न थांबणे. शिवाय त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांत ठळक बाधा आलेली असावी लागते.

या लक्षणांत किंवा त्या नऊ निकषांत तासांचा आकडा कुठेही नाही. एका चोखंदळ प्रेक्षकाने डीएसएममधला आठ-दहा तासांचा उल्लेख दाखवून मला पकडले. उल्लेख आहे, हे मान्य. परंतु तो अशा रुग्णांच्या वर्णनात येतो, निकषांत नाही.

मग तास आपल्या डोक्यात एवढे घट्ट का बसले? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९० च्या दशकात इंटरनेटच्या व्यसनासाठी आठ प्रश्नांची चाचणी तयार केली, तेव्हा त्यांनी जुगाराच्या विकाराचे निकष आधाराला घेतले. जुगाऱ्याला तीच झिंग येण्यासाठी पैज वाढवावी लागते. त्या पैशाच्या जागी इथे वेळ आला. मात्र जुगारात हरलेला पैसा हे स्वतःच नुकसान असते, तर खेळात गेलेला वेळ नुकसान ठरतो की नाही, हे त्या वेळात एरवी काय झाले असते यावर अवलंबून असते.

माझ्या भाच्याचेच पाहा. मे महिन्याच्या सुट्टीत तो सात-सात तास खेळत असे आणि ताई मला रोज फोन करून रडकुंडीला येत असे. जूनमध्ये शाळा सुरू झाली, फुटबॉलचा सराव सुरू झाला आणि कोणी काही न बोलता ते तास दोनावर आले. याउलट माझ्या ओळखीतला दुसरा एक मुलगा जेमतेम दोन तास खेळत असे, पण ते दोन तास रात्री एक ते तीनचे होते, त्यासाठी तो खोटे बोलत होता, सकाळची शाळा बुडवत होता आणि थांबायचे ठरवूनही त्याला थांबता येत नव्हते. घड्याळ लावून बसलात, तर तुम्ही भाच्याला पकडाल आणि या मुलाला सोडून द्याल.

तास निरर्थक आहेत असे मात्र मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ डग्लस जेंटाइल आणि सहकाऱ्यांनी सिंगापूरमधल्या ३,०३४ शाळकरी मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत अधिक तास खेळणे हा जोखमीचा घटक निघालाच, पण त्याच्याबरोबर उतावळेपणा आणि चारचौघांत मिसळण्यातली कमतरता हेही निघाले. जोखीम म्हणजे निदान नव्हे. ढग दाटले म्हणून कोणी पाऊस मोजत नाही.

दक्षिण कोरियाने तर घड्याळालाच कायदा केले होते: २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद. मुलांनी आईवडिलांच्या ओळखक्रमांकांवरून खाती उघडली, झोपेत नाव घेण्याजोगी वाढ झाली नाही आणि २०२२ च्या आरंभी तो कायदा गेला.

तेव्हा वहीत तास लिहू नका. काय बंद पडले ते लिहा. झोप, जेवण, मित्र, मैदान, अभ्यास, आणि यांतले प्रत्येक किती आठवडे बंद आहे.

शेवटी, ‘मोबाइल हिसकावला की तो चवताळतो, म्हणजे व्यसनच ना?’ असे विचारणाऱ्या पालकांसाठी: आयसीडीच्या तीन मुख्य लक्षणांत ही चिडचिड नाही. सामना रंगात असताना हातातली वस्तू ओढून घेतली, तर तुम्हीही चिडाल. दोन दिवस आधी सांगून, ठरवून बंद ठेवा आणि तिसऱ्या दिवशी तो कसा वागतो ते मला प्रतिक्रियेत कळवा.