एप्रिल संपत आला, फीडर धुऊन ठेवा

नमस्कार श्रोतेहो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या आपल्या मराठी घरांसाठी आजचं हे बोलणं आहे. एप्रिलचे शेवटचे दिवस म्हणजे इकडे रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड परतण्याचे दिवस. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटी करणारी हमिंगबर्डची ही एकच जात. वजन जेमतेम ३ ग्रॅम, आणि हिवाळा काढायचा मेक्सिकोत नाहीतर मध्य अमेरिकेत. परतताना यांतले कितीतरी पक्षी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सुमारे ८०० किलोमीटर, खाली नुसतं पाणी. निघण्याआधी अंगात इतकी चरबी साठवतात की वजन जवळजवळ दुप्पट होतं. असा प्रवास करून आपल्या दारात आलेल्या पाखराला आपण काय पाजतो, याची मला फार काळजी वाटते.

फीडर म्हणजे या पक्ष्यासाठी साखरपाणी भरून टांगायचं भांडं. ते साखरपाणी करणं अगदी सोपं आहे. १ वाटी साधी पांढरी साखर आणि ४ वाट्या पाणी, ढवळून साखर विरघळवायची. गरम केलंत तरी चालेल, पण पाक होईपर्यंत आटवू नका, आणि गार झाल्याशिवाय भरू नका. इथे आपल्याला हमखास एक मोह होतो. साखरेपेक्षा गूळ बरा, आणि गुळापेक्षा मध. घरच्या मुलांसाठी हे म्हणणं ठीक, या पक्ष्याला मात्र ते मानवत नाही. गुळात आणि ब्राऊन शुगरमध्ये लोह असतं, ते त्याला बाधू शकतं. मधाचं पाणी लवकर आंबतं आणि त्यात बुरशी वाढते. हा पक्षी ज्या फुलांवर येतो, त्यांच्या मधुरसात मुख्यतः सुक्रोजच असतं, आणि पांढरी साखर म्हणजे सुक्रोजच. लाल रंगाचं तयार पाणी दुकानात मिळतं, ते कृपा करून आणू नका. फीडरची लाल फुलं त्याला बोलावायला पुरेशी आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पारा ३० अंश सेल्सिअसवर गेला की साखरपाणी दोन दिवसांत बिघडतं, कधी त्याआधीही. थंडाव्यात तीन-चार दिवस टिकेल. अर्धं उरलं असलं तरी ओतून द्या. उरलेल्यावर नवं भरू नका. गरम पाणी, ब्रश, आणि चोच घालायची ती बारीक छिद्रंसुद्धा आतून घासायची. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, तेव्हा फीडर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणार असाल तर तो उतरवून, धुऊन, कपाटात ठेवून जा. फीडर नाही म्हणून हा पक्षी उपाशी राहत नाही, त्याला फुलं आणि किडे आहेत. आंबलेल्या पाण्यानं मात्र तो आजारी पडतो. ज्यांना एवढं धुणं जमणार नाही, त्यांनी फीडर लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा बी बाम, कार्डिनल फ्लॉवर किंवा लाल ट्रम्पेट हनीसकल असं एखादं फुलझाड लावा.

मुंग्यांचा उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होताच. दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायच्या ना, तशी फीडरच्या वरच्या आकड्याला पाण्याची छोटी वाटी अडकवायची. काचेवर आपटून पक्षी मरू नयेत म्हणून फीडर एकतर खिडकीच्या अगदी जवळ, ३ फुटांच्या आत टांगा, नाहीतर बराच लांब.

मग बसा आणि बघा. नराचा गळा माणकासारखा लाल असं सगळे सांगतात, पण पुष्कळदा तो काळाच दिसतो. पिसांत लाल रंगद्रव्य नसतं, त्यांच्या बारीक रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा लाली पेटते. त्यानं मान वळवेपर्यंत थांबावं लागतं. नर जवळच्या एकाच फांदीवर ठाण मांडतो आणि येईल त्याला हुसकावतो. असं झालं तर दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावा, त्याला तिथून दिसणार नाही असा.

मादीकडे मात्र नीट लक्ष द्या. घरटं बांधणं, दोन इवली अंडी उबवणं, पिल्लांना भरवणं, सगळं ती एकटी करते. घरटं जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद. त्यातला मऊ कापूस ती कोळ्याच्या धाग्यांनी बांधते आणि बाहेरून दगडफूल चिकटवते. त्या धाग्यांमुळे पिल्लं वाढतात तसं घरटं ताणलं जातं. म्हणून डेकच्या कोपऱ्यातली जळमटं या दिवसांत झाडू नका, आणि बागेत कीटकनाशक फवारू नका. पिल्लं साखरेवर वाढत नाहीत. चिलटं आणि बारीक कोळी त्यांना भरवावे लागतात.

पुण्या-नाशिकहून आलेले आईबाबा हा पक्षी पाहून म्हणतात, हा तर आपला शिंजीर. दोघंही मधुरसावर जगतात, पण नात्यानं लांबचे आहेत. हमिंगबर्ड भारतात नाहीत, आणि त्यांचं जवळचं नातं आहे ते पाकोळीशी.

ऑगस्टमध्ये फीडरवर सगळ्यात जास्त गर्दी होते. मोठे नर दक्षिणेकडे निघायला लागलेले असतात, आणि यंदाची पिल्लं पहिल्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात. पांढऱ्या गळ्यावर एखादंच लाल पीस उगवलेला छोटा नर तेव्हा शोधून बघा. फीडर राहिला तर पक्षी जायचाच नाही, ही भीती मनातून काढून टाका. दिवस लहान होऊ लागले की तो आपोआप निघतो. शेवटचा पक्षी दिसल्यानंतरही दोन आठवडे साखरपाणी ठेवा, वाटेवरचा एखादा थकलेला त्यावर येईल. आणि नोव्हेंबरात कुणी आलाच, तर नीट न्याहाळा. पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड कधीकधी तेव्हा इकडे भरकटतो. त्याचा फोटो काढा, जवळच्या पक्षीनिरीक्षकांना कळवा, आणि तो असेपर्यंत साखरपाणी गोठू देऊ नका. नमस्कार.