चांदीच्या पाण्याआधीचे पाणी

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित कारागीर बंधुभगिनींनो, 'मुलाम्याची जाडी कशी तपासावी' हा विषय निमंत्रणपत्रिकेवर छापलेला आहे आणि मी त्याकडे येणार आहेच. परंतु त्याआधी पाण्याविषयी बोलल्यावाचून मला राहवणार नाही. आपण मुलाम्यालाच 'चांदीचे पाणी' म्हणतो, पण ज्या पाण्याने माल धुतो ते कोणी जोखत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. खामगावच्या चांदीचे दाखले देत शुद्धतेवर तासन्‌तास वाद घालणारे आपण, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातल्या, बोअरचे पाणी धुण्याच्या टाकीत सोडताना क्षणभरही थांबत नाही.

काही वर्षांपूर्वी लग्नसराईच्या तोंडावर मी पितळी जोडव्यांची मोठी खेप मुलामा देऊन पाठवली. टाकीतून निघताना ती इतकी पांढरीशुभ्र होती की मी घरी बढाई मारली. पंधरा दिवसांत ती परत आली, कारण नक्षीच्या खोबणींत तपकिरी ठिपके उमटले होते. मी प्रथम रसायन पुरवणाऱ्यावर रागावलो, मग अ‍ॅनोडच्या, म्हणजे टाकीत विजेच्या धन टोकाला जोडलेल्या चांदीच्या, पट्टीवर संशय घेतला, मग पॉलिश करणाऱ्या मुलाला बोल लावला (त्याने ते निमूटपणे ऐकून घेतले, याचे आजही वाईट वाटते), आणि शेवटी जोडव्यांचे जुडगे रबरबँडने बांधल्याबद्दल व्यापाऱ्यालाच दोषी ठरवले. रबरातील गंधक चांदीला काळे पाडते हे खरेच. परंतु तो डाग रबराच्या रेषेत पडतो, खोबणीत शोधून बसत नाही. अखेर सौभाग्यवतींनी विचारले, "पावसाच्या पाण्याचा हौद तर होळीलाच आटला, मग शेवटची धुलाई कशात करता?" ज्या पाण्यात आमच्याकडे डाळ शिजत नाही, त्या पाण्यात मी चांदी धूत होतो! मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांत अडकलेले टाकीतले द्रावण त्या पाण्याने पुरते निघाले नाही, वर त्याच्या क्षारांची भर पडली, आणि तेच नंतर हळूहळू पाझरून डाग झाले. तेव्हापासून शेवटच्या धुलाईला मी क्षार काढलेले पाणी वापरतो आणि माल गरम हवेत पूर्ण सुकल्याशिवाय डबीत जाऊ देत नाही.

पाणी केवळ गुन्हेगार नाही, ते साक्षीदारही आहे. मुलाम्यापूर्वी तेल-मेण काढलेला दागिना स्वच्छ पाण्यात बुडवून बाहेर धरावा. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पृष्ठभाग साफ आहे. तो थेंबाथेंबांनी तुटला तर बफचे, म्हणजे पॉलिशच्या चाकाचे, मेण अजून चिकटलेले आहे आणि तेथेच मुलामा सुटणार आहे. या चाचणीला एक पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा ती कोणी करत नाही. पितळ किंवा तांबे थेट मुख्य टाकीत टाकले तर वीज सुरू होण्याआधीच त्यावर चांदीचा कच्चा थर बसतो आणि वरचा सगळा मुलामा त्या कच्च्या थरावर उभा राहतो. म्हणून आधी अत्यल्प चांदीच्या द्रावणात स्ट्राइक, म्हणजे विजेने बसवलेला पातळ, घट्ट पहिला थर, द्यावाच लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर द्रावण इतके तापते की चकाकी आणणारी रसायने हात टेकतात, आणि दोष मात्र कारागिराच्या हाताला लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाडीचे घाईतच सांगतो. वीज पूर्णपणे चांदीच्या कामी आली, तर एका अँपिअरने एका तासात सुमारे 4 ग्रॅम चांदी बसते. एक चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर 5 मायक्रॉन थराला सुमारे 0.52 ग्रॅम लागते, म्हणजे एका अँपिअरला साधारण आठ मिनिटे. मालाचे आधीचे व नंतरचे वजन घेतले की सरासरी जाडी निघते; परंतु वीज कडांवर आणि टोकांवर अधिक धावते, म्हणून खोबणीतली जाडी क्ष-किरण यंत्रावर वेगळी तपासून घ्यावी. चिकटपणासाठी प्रत्येक खेपेतला एक नग वाकवून पाहावा, दुसरा भट्टीत तापवून थंड पाण्यात टाकावा. फोड आले तर सगळी खेप थांबवावी. आणि सायनाइडच्या, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या, टाकीजवळ आम्लाची बादली कधीही ठेवू नये, कारण दोन्ही मिसळल्यास निघणारा वायू जीव घेतो.

त्या खेपेतली सहा जोडवी मी मागच्या टेबलावर ठेवली आहेत. शेजारी भिंग आहे. ठिपके आतल्या बाजूला पाहावेत.