कोणाचा लोड किती: इंदूरच्या एका स्टाफरूमचा हिशोब

(दृश्य: खंडवा रोड, सकाळची वेळ. सिटीबसमधून उतरणारे विद्यार्थी, स्कूटीवर येणाऱ्या मॅडम, कॉलेजचं गेट.)

जुलै लागला की इंदूरच्या कॉलेजांमध्ये दोन गोष्टींची धावपळ असते, एक ॲडमिशन आणि दुसरं टाइमटेबल. ॲडमिशनचं पेपरात येतं, टाइमटेबलचं स्टाफरूमच्या बाहेर जात नाही. सकाळी आठचा पिरियड कोणाला, शनिवार दुपार कोणाची, फर्स्ट इयरचा तो भलामोठा वर्ग कोणाच्या गळ्यात, ज्याच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासता तपासता दिवाळी येते, आणि एम.एस्सी.ची दहा-बारा मुलं कोणाकडे. हे ठरतं कसं विचाराल, तर बऱ्याच ठिकाणी असंच की एचओडी सर, म्हणजे विभागप्रमुख, मागच्या वर्षीची एक्सेल शीट उघडतात, नावं इकडची तिकडे करतात, आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून देतात. ग्रुपवर सगळे 'ओके सर' लिहितात. खरं बोलणं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर होतं.

(दृश्य: होळकर कॉलेजची जुनी इमारत, मग विद्यापीठाच्या तक्षशिला परिसराचे रस्ते.)

शिकवण्याचं काम या शहरात जुनं आहे. होळकर कॉलेज 1891चं, विद्यापीठ 1964चं, ज्याला आज आपण देवी अहिल्या विद्यापीठ म्हणतो, आणि इथल्या मराठी घरांमध्ये प्रोफेसरकी करणारं कोणी ना कोणी निघतंच, आजोबा नाहीतर आत्या नाहीतर शेजारचे काका. म्हणून हा विषय आम्हाला ऑफिसातला वाटत नाही, घरातला वाटतो. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर कॉप्यांचा गठ्ठा उघडून बसलेली आई ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल.

आम्ही एका कॉलेजच्या एका डिपार्टमेंटमध्ये शूट केलं, जिथे वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक एकत्र आहेत. नाव सांगत नाही, तसं ठरलंय. गेल्या वर्षी त्यांनी वर्कलोड मोजायचा एक प्रोग्रॅम वापरायला घेतला, तिथल्याच कंप्युटरच्या एका सरांनी बनवलेला, साधा, ब्राउझरमध्ये उघडणारा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2018चे नियम आहेत, त्यात पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला किमान 40 तास काम, वर्षातले 30 आठवडे, म्हणजे 180 शिकवण्याचे दिवस. त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं असिस्टंट प्रोफेसरला 16 तास, असोसिएट आणि प्रोफेसरला 14. आणि रोज किमान 5 तास कॉलेजात हजर. आता 40 मधून 16 वजा करा, 24 तास उरले. या 24 तासांत काय काय येतं ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि सगळा अन्याय नेमका इथेच होतो. 16 तासांचं टाइमटेबल बोर्डावर लागलेलं असतं, 24 तासांचं कुठेच लागत नाही.

(दृश्य: पडद्यावर दोन नावं नसलेल्या ओळी, शेजारी आकडे चढत जातात.)

हिशोबच करून बघा ना. समजा दोघी असिस्टंट प्रोफेसर आहेत, दोघींना 16 तास, कागदावर एकदम बरोबर. पहिलीकडे चार वेगळे पेपर, चारही नवीन सिलॅबसचे. दुसरीकडे दोनच पेपर, पण प्रत्येकाचे दोन सेक्शन, म्हणजे सोमवारी जे शिकवलं तेच मंगळवारी दुसऱ्या सेक्शनला. एका नव्या लेक्चरला एक तास तयारी धरली, कमीच धरली, तरी पहिलीला आठवड्याला 16 तास तयारी, दुसरीला 8. फरक आठवड्याचा 8 तास, पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरचा 120 तास. यूजीसीच्या मापानं पूर्ण तीन आठवड्यांचं काम! आणि टाइमटेबलवर दोघी सारख्या.

आता कॉप्या. 240 मुलांचा वर्ग, एका कॉपीला 10 मिनिटं, झाले 40 तास. एका टेस्टचे. सेमिस्टरमध्ये अशा तीन टेस्ट घ्यायच्या तर परत 120 तास.

मध्य प्रदेशात 2021-22 पासून बी.ए., बी.एस्सी.ला नवीन शिक्षण धोरण लागू झालं, तेव्हापासून पेपरांचे प्रकार वाढले, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल, प्रोजेक्ट. मुलांना निवड मिळाली, चांगलं झालं, पण एका शिक्षकाकडे किती वेगळे विषय आले हे मोजायला कोणी बसलं नाही. त्यात क्रेडिटचा घोळ. लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे 15 तास, प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. जिथे लोड क्रेडिटवर मोजतात तिथे लॅबमध्ये उभं राहणाऱ्याचा वेळ सरळ अर्धा होऊन जातो. हे नुसतं आमचं मत नाही, 2016च्या मे महिन्यात यूजीसीनं शिकवण्याचे तास वाढवून प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे लेक्चरचा एक तास असं केलं होतं, तेव्हा देशभर शिक्षक रस्त्यावर आले, दिल्लीत तपासणीवर बहिष्कार झाला, आणि काही आठवड्यांत ते मागे घ्यावं लागलं.

(दृश्य: स्टाफरूम. लॅपटॉपभोवती पाच-सहा जण.)

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आम्हाला शूटमध्ये सगळ्यांनी हेच विचारलं, की टाइमटेबलचं सॉफ्टवेअर तर आहेच की. आहे. एफईटी नावाचं फुकट मिळतं, ओपन सोर्स, एका शिक्षकाला एकाच वेळी दोन वर्ग येऊ देत नाही, खोल्या जुळवून देतं, आणि हे काम हातानं करणं किती कठीण ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पण ते टक्कर टाळतं, वाटणी योग्य झाली का ते बघत नाही, ते त्याचं कामच नाही. वर्कलोडच्या प्रोग्रॅममध्ये प्रश्न वेगळा असतो. प्रत्येक माणसासमोर एक ओळ, आणि त्या ओळीत त्याचं सगळं काम तासांमध्ये, शिकवणं, तयारी, तपासणी, प्रोजेक्टची मुलं, पीएच.डी.ची मुलं, परीक्षेची ड्यूटी, नॅकच्या (म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाइली, ॲडमिशन कमिटी, एनएसएस, होस्टेलची वॉर्डनकी.

आणि इलेक्शन ड्यूटी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 159 मध्ये विद्यापीठांचा स्टाफसुद्धा निवडणुकीच्या कामाला घेता येतो, ट्रेनिंग वेगळं, साहित्य वाटप वेगळं, मतदानाचा दिवस वेगळा. इथल्या एका सरांनी सांगितलं की ही ओळ प्रोग्रॅममध्ये पहिल्यांदा दिसली तेव्हा बरं वाटलं, कोणीतरी हे काम म्हणून लिहिलं.

एक मॅडम आहेत, नऊ वर्षं झाली इथे. कोणत्याही मुलीला घरी अडचण आली, फी भरायची राहिली, परीक्षेच्या आधी रडू आलं, की ती मुलगी या मॅडमच्या टेबलापाशी येते. लग्नघरात जशी एक काकू असते, जिला कोठीची किल्ली, पाहुण्यांची अंथरुणं आणि हरवलेली पिशवी सगळं विचारतात आणि फोटोत जी कधीच नसते, तसं. मॅडमचे हे तास कधी कुठल्या कागदावर आले नव्हते. यूजीसीच्या नियमात तर आहे की पदवीच्या वर्गांसाठी रोज किमान दोन तास मेंटॉरिंग, विद्यार्थ्यांच्या इतर कामांसाठी, लायब्ररीसाठी, रिसर्चसाठी द्यायचे. नियमात सगळ्यांसाठी आहे, प्रत्यक्षात एकीच्या टेबलावर. पहिल्या महिन्याचा तक्ता निघाला तेव्हा सगळ्यात लांब ओळ यांचीच होती, आणि खरं सांगायचं तर डिपार्टमेंटमध्ये कोणालाच आश्चर्य वाटलं नाही, सगळ्यांना माहीत होतं, फक्त आकडा नव्हता म्हणून बोलता येत नव्हतं.

(दृश्य: मीटिंग. फळ्यावर खडूनं लिहिलेलं: एक कॉपी = ? मिनिटं)

हा आमच्या फिल्मचा मुख्य भाग आहे, म्हणून जरा थांबतो इथे. सॉफ्टवेअरला स्वतःहून काही कळत नाही. एका कॉपीला किती मिनिटं, नव्या पेपरच्या तयारीला किती, जुन्या पेपरला किती, नॅकच्या कामाला वर्षाचे किती तास, हे कोणीतरी भरावं लागतं. ते जर एचओडीनं एकट्यानं केबिनमध्ये बसून भरलं तर जुनीच एक्सेल शीट नव्या कपड्यात आली, बाकी काही नाही. या डिपार्टमेंटनं चांगलं केलं की हे आकडे मीटिंगमध्ये ठरवले, सगळ्यांसमोर, भांडून. गणिताचे सर म्हणाले 8 मिनिटं पुरतात, मराठीच्या मॅडम म्हणाल्या, अहो सर, तुमच्याकडे उत्तर बरोबर नाहीतर चूक, माझ्याकडे सहा पानांचा निबंध असतो. शेवटी दोन वेगळे आकडे ठेवले. ही मीटिंग तीन तास चालली आणि आम्हाला वाटतं त्या वर्षातली सगळ्यात कामाची मीटिंग ती होती.

दुसरा नियम त्यांनी केला की प्रत्येकाला प्रत्येकाची ओळ दिसणार, एचओडींचीसुद्धा, आणि कोणी आकडा बदलला तर कोणी, कधी, तेही दिसणार. तिसरं, सगळे अगदी सारखे असा हट्ट नाही, सरासरीपेक्षा दहा टक्के वर-खाली चालेल, एखाद्याचं जास्त झालं तर पुढच्या सेमिस्टरला कमी करायचं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या विद्यापीठांत असे तक्ते बरीच वर्षं चालू आहेत. ब्रिटनमध्ये 1992 नंतर विद्यापीठ झालेल्या संस्थांच्या करारात तर वर्षाला 550 तास आणि आठवड्याला 18 तासांच्या वर वर्गातलं शिकवणं द्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे 'किमान' लिहितात, तिकडे 'यापेक्षा जास्त नाही' लिहितात. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो. तिथले शिक्षक पण तक्रार करतात बरं का, की तपासणीला धरलेली मिनिटं खऱ्यापेक्षा कमी असतात, म्हणजे तक्ता म्हणतो काम संपलं आणि माणूस रविवारी पण बसलेला.

आणि एक भीती आहे, ती स्टाफरूममध्ये वयानं मोठ्या सरांनी बोलून दाखवली. 2010 मध्ये एपीआय स्कोअर आला होता, प्रमोशनसाठी पॉइंट. मग पॉइंटसाठी पेपर, पैसे घेऊन छापणारी जर्नल्स, नुसते सर्टिफिकेट गोळा करायला सेमिनार, पुढे यूजीसीलाच मान्य जर्नलांची यादी काढावी लागली. हा तक्ता उद्या प्रमोशनला जोडला तर लोक काम कमी आणि तास भरणं जास्त करतील. म्हणून यांनी लिहून घेतलंय की हे आकडे फक्त वाटणीसाठी, कोणाच्या सीआरमध्ये, म्हणजे गोपनीय अहवालात, जाणार नाहीत. आम्ही याच्या पूर्ण बाजूनं आहोत. माणसावर नजर ठेवायला हे आणलं तर पहिल्याच महिन्यात खोटं भरायला सुरुवात होईल.

(दृश्य: कॉरिडॉर, दुपार. एक तरुण शिक्षक बॅग घेऊन दुसऱ्या कॉलेजला निघालेला.)

आता जे सुटलं नाही ते. अतिथी विद्वान, म्हणजे कायम नोकरी नसलेले, मानधनावर शिकवणारे. या कॉलेजात त्यांना पिरियडचे पैसे मिळतात. पीएच.डी. झालेली, नेट झालेली माणसं आहेत ही, कोणी सकाळी इथे आणि संध्याकाळी भंवरकुवाच्या कोचिंगमध्ये. पहिल्या तक्त्यात त्यांची नावंच नव्हती, प्रोग्रॅममध्ये फक्त परमनंट स्टाफ टाकला होता. त्यामुळे झालं काय, की कायम लोकांची वाटणी सुंदर दिसायला लागली आणि उरलेलं सगळं, सकाळचा आठचा वर्ग, मोठे गठ्ठे, शनिवार, गपचूप यांच्याकडे सरकलं. हे लक्षात आणून दिलं त्याच नऊ वर्षं असलेल्या मॅडमनी, भर मीटिंगमध्ये, उभं राहून.

जानेवारीपासून अतिथी विद्वानांच्या ओळी तक्त्यात आल्या. त्यांच्या तयारीचे आणि कॉप्यांचे तास आता दिसतात, पण दिसले म्हणून पैसे मिळत नाहीत, ते बिल वरच्या ऑफिसात पास होतं आणि तिथे फक्त पिरियड मोजतात. डिपार्टमेंटनं अर्ज केलाय की तपासणीचे तास बिलात धरावेत, सोबत पूर्ण सेमिस्टरचा तक्ता जोडलाय, खाली सगळ्यांच्या सह्या, एचओडींची पहिली. फिल्मचं हे निवेदन रेकॉर्ड करेपर्यंत उत्तर आलेलं नाही, पुढच्या महिन्यात सगळे मिळून परत विचारायला जाणार आहेत.